जकात चुकवणारं यान आणि भाच्याने काढलेली खुसपटं

मागच्या दिवाळी अंकासाठी म्हणून एक विज्ञानकथा लिहायला घेतली होती, ती शेवटी कुठेच पाठवली नाही, आणि त्याला कारण आमचा भाचा. अकरावीला आहे, फिजिक्स आवडतं, आणि मामाचं लिखाण वाचताना त्याच्या हातात कायम पेन्सिल असते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रकाशापेक्षा जोरात जाणारी यानं आलीयत, ताऱ्याताऱ्यांवर वस्त्या झाल्यात, आणि प्रत्येक वस्तीच्या वेशीवर आहे जकात नाका. जकातच का, तर लहानपणी शहराच्या तोंडाशी ट्रकांची ती लांबच लांब रांग बघितलीय आणि बाजूच्या कच्च्या रस्त्याने लाइट बंद करून सटकणारे टेम्पोही बघितलेत, ते डोक्यातून गेलेलं नाही. तर आमची नायिका रखमा तांडेल, एका खटारा मालवाहू यानाची कप्तान, बियाणं चोरून दुसऱ्या वस्तीवर नेतेय. जकातवाले बंदरात पोचतात तेव्हा तिला निघून तीन तास झालेले असतात. आणि तिथे मी एक वाक्य टाकलं होतं ज्यावर मी स्वतःच जाम खूश होतो, की तिच्या यानाचा उजेडसुद्धा तिला गाठू शकत नव्हता, तिथे जकातवाले काय गाठणार. संपलं, सुटली, पडदा.

भाच्याने वाचलं आणि विचारलं, "मामा, जकातवाल्यांकडे पण तसलंच यान आहे ना?"

म्हटलं हो, सरकारी आहे, पण आहे.

"मग ते पण तिच्या उजेडाच्या पुढे जाऊन उभे राहतील की. वाट बघत."

मला आधी कळलंच नाही काय म्हणतोय ते. मग कळलं आणि चहा गार झाला.

बघा, रखमा निघाली त्या क्षणाचा उजेड काही कुठे नाहीसा होत नाही. तो त्या जागेपासून सगळीकडे, फुग्यासारखा, सेकंदाला ३ लाख किलोमीटरने पसरत चाललेला असतो. तीन तासांत तो ३२४ कोटी किलोमीटर गेला, म्हणजे आपल्याकडे सूर्यापासून युरेनसच्याही थोडं पलीकडे. साध्या यानाला तो आता कधीच सापडणार नाही. पण जकातवाल्यांचं यान प्रकाशाच्या पुढे जाऊ शकतं, त्यामुळे ते एका उडीत त्या फुग्याच्या बाहेर जाऊन थांबणार, दुर्बीण मागे वळवणार, आणि थोड्या वेळाने त्यांना बंदर दिसणार, तीन तासांपूर्वीचं, रखमाचं यान अजून धक्क्यावर उभं, मग सुटताना, मग कुठल्या दिशेला तोंड केलं तेही. नाही दिसलं नीट तर अजून थोडं पुढे जा आणि परत बघा. फुकटचा रिप्ले. म्हणजे मी ज्या गोष्टीच्या जिवावर तिला सोडवत होतो तीच गोष्ट जकातवाल्यांच्या हातात सीसीटीव्हीचं फुटेज म्हणून आयती दिली होती.

हे डोक्यात बसायला मला पानिपत आठवावं लागलं. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले, आणि त्यांना भेलशाकडे ते सावकारी सांकेतिक पत्र मिळालं, मोती गळाल्याचं, मोहरा हरवल्याचं आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नसल्याचं, तोवर आठ-दहा दिवस उलटून गेले होते. मधले दिवस पेशव्यांच्या लेखी भाऊ आणि विश्वासराव जिवंतच होते ना. बातमी घोड्याच्या आणि जासुदाच्या पायाने येते. आता समजा एखाद्याकडे जासुदापेक्षा दुप्पट पळणारा घोडा आहे, तर तो लढाई संपल्यावर दोन दिवसांनी निघूनसुद्धा बातमीला मागे टाकून पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन बसेल, आणि जासूद आला की त्याच्या तोंडून सगळं ऐकेल, जणू आत्ताच घडलंय. उजेड म्हणजे तो जासूद. प्रामाणिक आहे, सगळं जसंच्या तसं सांगतो, पण ठरलेल्या चालीच्या वर एक पाऊल टाकत नाही.

बरं, मग मी म्हटलं इतक्या लांबून दिसेल काय कप्पाळ. गणित केलं. यान २०० मीटरचं धरलं. ३२४ कोटी किलोमीटरवरून त्याचा आकार, म्हणजे टोकं वेगळी ओळखू येतील असा फोटो हवा असेल तर साध्या उजेडात दुर्बिणीचा आरसा साधारण १० किलोमीटर रुंद लागतो. मी जिंकलो असं वाटलं. पण भाचा म्हणाला आकार कशाला हवाय, ठिपका दिसला तरी पुरे, ठिपका हलला की दिशा कळली. आणि ठिपक्याचं गणित वेगळं निघालं. सूर्यासारख्या ताऱ्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर असलेलं २०० मीटरचं बऱ्यापैकी चकाकणारं धूड तीन प्रकाश-तासांवरून साधारण साडेसत्तावीस प्रतीचं दिसेल (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद). अवकाशातल्या हबल दुर्बिणीने याहून मंद गोष्टी टिपलेल्या आहेत. शेजारी ताऱ्याचा झगझगाट असणार, शिवाय यान हलतंय म्हणजे तासन्‌तास एक्स्पोजर देता येत नाही, कठीण आहे, पण अशक्य म्हणवत नाही. आणि हा नुसता परावर्तित उजेड झाला. यानाची स्वतःची ऊबपण आहेच, २७ अंश सेल्सिअसचा एक चौरस मीटर काळा पत्रा ४६० वॉट उष्णता बाहेर टाकतो, अख्ख्या यानाचे किती ते बघा, आणि मागे अवकाश आहे २.७ केल्विनचं, म्हणजे उणे २७० अंशांच्या आसपास. काळ्या भिंतीसमोर पेटलेली शेगडी. नासाच्या व्हॉयेजर १ यानाचा ट्रान्समीटर २०-२२ वॉटचा, फ्रिजमधल्या दिव्याएवढा, आणि तो आपल्याकडे तोंड करून बोलतो म्हणून का होईना पण २३ तासांच्या आसपास वाट तुडवून आलेली त्याची कुजबुज आपण अजून ऐकतो.

(उष्णता आतच दाबून धरायची आयडिया मलाही सुचली होती. होते, थोडा वेळ. थर्मासचं झाकण लावून आत गॅस पेटवण्यासारखं आहे ते, कधीतरी झाकण उघडावंच लागतं नाहीतर कप्तानाची उकड होते.)

इथपर्यंत नुसती यान निघण्याची कथा. खरी मजा पोचण्यात आहे, आणि त्याबद्दल लोकांनी खरोखरचे पेपर लिहिलेत हे मला या नादात कळलं. मिगेल आल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली आइनस्टाइनच्या समीकरणांतच बसणारा एक बुडबुडा दाखवला, यान आत गप्प बसलेलं, पुढचं अवकाश आक्रसतं, मागचं फुगतं, आणि बुडबुडा प्रकाशापेक्षा जोरात सरकतो. त्याला ऋण ऊर्जा लागते आणि ती कुणाच्या दुकानात मिळत नाही, हे आहेच. पण २०१२ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या मॅकमोनिगल, लुईस आणि ओबर्न यांनी हिशोब केला की वाटेत अवकाशात जे चुकारमुकार कण असतात त्यांचं काय होतं. तर ते बुडबुड्याच्या तोंडाशी गोळा होत जातात, नांगराच्या फाळापुढे ढेकळं जमावीत तसे, आणि बुडबुडा थांबला की सगळे एकदम पुढे सुटतात, भयंकर ऊर्जेने. समोर जे असेल त्याची राख. म्हणजे गुपचूप पोचणं सोडाच, रखमा बियाणं घेऊन वस्तीवर थेट उतरायला गेली तर वस्तीच उरायची नाही. मग तिने काय करायचं, तर तोंड रिकाम्या आकाशाकडे ठेवून बाजूला कुठेतरी थांबायचं आणि उरलेलं अंतर साध्या इंजिनाने रखडत यायचं. आणि त्या रखडण्यातच जकातवाल्यांना हवे तेवढे दिवस मिळतात. प्रत्येक सोंगाला एक टाळी वाजतेच कुठेतरी.

अजून एक भानगड. प्रकाशापेक्षा जोरात जाणारी वस्तू तुमच्याजवळून गेली तर ती येताना दिसतच नाही. आधी ती तुमच्याजवळ एकदम उगवते, आणि मग तिच्या दोन प्रतिमा होतात, एक पुढे जाते आणि दुसरी आल्या वाटेने उलटी. कारण जवळचा उजेड आधी पोचतो आणि लांबचा, जो आधी निघालाय, तो नंतर. हे मला पहिल्यांदा वाचल्यावर अंगावर काटा आला, चोर घरात येऊन बसलाय आणि त्याची पावलं अंगणातून उलटी चालत वेशीबाहेर जातायत. म्हणजे कुठून आला ते तोच दाखवतोय. गोष्टीत घालायचं ठरवलं, पण मग लक्षात आलं की आल्कुबिएरेच्या बुडबुड्याला ते लागू करता येत नाही, कारण त्यात पुढच्या बाजूला क्षितिज तयार होतं, आतून पुढे सोडलेला उजेड चालू प्रवासात बाहेर पडूच शकत नाही. यानाला पुढचं दिसतं पण पुढच्यांना यानातून काही सांगता येत नाही. आणि त्याच क्षितिजामुळे आतल्या माणसाला बुडबुड्याच्या पुढच्या टोकावर ताबाही ठेवता येत नाही, म्हणजे ब्रेक मारता येत नाही! त्यावर एक तोडगा म्हणजे सगळी व्यवस्था वाटेवर आधीच करून ठेवायची, रूळ टाकल्यासारखी. पण मग ती एसटी झाली हो. ठरलेला रूट, ठरलेले थांबे, जकातवाल्यांनी फक्त स्टँडवर जाऊन उभं राहायचं. चोरट्या वाहतुकीची कथा लिहायची तर हे विज्ञान बाजूला ठेवावंच लागतं, तिथे मी सरळ थाप मारली. प्रकाशापेक्षा जोरात गेलं की सापेक्षतेत निघायच्या आधी पोचायची पण सोय होते, त्या खड्ड्यातही मी उतरलो नाही.

आता हिंगोली. हसू नका. बायकोचं माहेर वसमतचं, त्यामुळे औंढा नागनाथला दर्शनाला जाणं होतं, आणि तिथेच लायगो-इंडिया होणार आहे, ४ किलोमीटरच्या दोन बाहूंची गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच येणारे तरंग) ऐकणारी वेधशाळा, एप्रिल २०२३ ला केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. मला वाटलं हे बेस्ट. उजेडाला आडोसा असतो, ग्रहाच्या मागून निघालं की झालं, पण गुरुत्वीय लहरींना आडोसा नाही, ग्रह मधे आला तरी आरपार जातात. मग जकातवाल्यांनी लायगोसारखंच काहीतरी बांधावं. आणि खरंच, २०२४ मध्ये केटी क्लफ, टिम डीट्रिख आणि सेबास्टियन खान यांनी असल्या बुडबुड्याचं काय होईल ते कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. निघालं असं की बुडबुडा सरळ एकसारखा चालला असेल तर तो काही आवाज करत नाही, पण कोसळला तर लहरींचा धमाका होतो. म्हणजे जकातवाल्यांना प्रवास ऐकू येणार नाही, अपघात येईल. शिवाय किलोमीटरभर लांबीच्या यानाचा तो धमाका लाखो हर्ट्झच्या पट्टीत, आणि लायगोचा कान साधारण १० हर्ट्झपासून काही हजारांपर्यंत, म्हणजे वटवाघळाचं ओरडणं आपल्याला कळू नये तसं. बुडबुडा नसलेल्या यानांसाठीही एका गटाने २०२२ मध्ये हिशोब मांडला होता, गुरू ग्रहाएवढ्या वस्तुमानाचं यान प्रकाशाच्या वेगाच्या काही हिश्श्यापर्यंत झपकन वेग घेत असेल तर लायगोला ते अख्ख्या आकाशगंगेत कुठेही कळू शकेल. रखमाकडे गुरूएवढं यान असतं तर तिने जकात चुकवली नसती, जकात खातंच विकत घेतलं असतं.

पण हे सगळं वाचताना भाच्याने एक गोष्ट पकडली जी माझ्या डोक्यात आली नव्हती. गुरुत्वीय लहरी पण प्रकाशाच्याच वेगाने येतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि गॅमा किरण तिच्या मागून १.७ सेकंदांनी, प्रवास १३ कोटी वर्षांचा आणि फरक पावणेदोन सेकंदांचा. म्हणजे कान लावा नाहीतर डोळा लावा, जासूद तोच. शेजारच्या ताऱ्यावरचा नाकेदार, समजा प्रॉक्सिमाएवढ्या अंतरावर, ४.२४ वर्षं डोळ्यांत तेल घालून बसला तरी त्याला आज निघालेली रखमा चार वर्षांनी दिसणार, तेव्हा ती बियाणं पेरून, चार सुग्या काढून, मुलगी शाळेत घालून मोकळी. कोण कुठून निघालं हे वेळेत कळायचं असेल तर बातमी यानातूनच पाठवावी लागते. त्या जगात टपाल आणि माल एकाच गाडीने जातो, आणि ज्याची गाडी आधी पोचली त्याचं खरं.

मग मला लपवण्याचा खरा प्रकार सुचला आणि तो अर्थातच आग्र्याहून आला. १७ ऑगस्ट १६६६. पेटारे सगळ्यांना पाठ आहेत, पण मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त आवडतात, एक म्हणजे हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन हात बाहेर ठेवून झोपला, आणि दुसरी, महाराज थेट दक्षिणेला न जाता आधी मथुरेकडे गेले, जिकडे कुणी शोधणार नाही तिकडे. मी दोन्ही उचलल्या. धक्क्यावर एक रिकामा सांगाडा ठेवला, आत हीटर लावून, लांबून यान उभंच आहे असं वाटेल असा, त्याचं नाव हिरोजी. आणि रखमा आधी भलत्याच दिशेला उडी मारते, कुठल्याच ताऱ्याजवळ नाही अशा अंधाऱ्या जागी थांबते, तोंड फिरवते, आणि मग खऱ्या ठिकाणी जाते. वळणाची जागा माहीत नसेल तर शोधणार कुठे, आणि तिथे परावर्तित व्हायला उजेडच नाही.

"हिरोजी चालणार नाही," भाचा. "रिप्लेमध्ये पेटारा बाहेर जाताना दिसेल ना."

बरोबर आहे. आग्र्याला कुणाकडे आदल्या दिवशीचा उजेड परत बघायची सोय नव्हती. सोंग हे फक्त आत्ता बघणाऱ्यासाठी असतं.

तुम्ही विचाराल की प्रकाशापेक्षा जोरात जाणाऱ्या कशाचा तरी माग खरोखर कुणी काढलाय का. काढलाय, एकदा, आणि तो किस्सा मला या सगळ्यापेक्षा भारी वाटतो. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगवाल्यांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोला जमिनीखालून ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो नावाचे कण उजेडापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. जगभर गोंधळ. तेव्हा कोहेन आणि ग्लॅशो या दोघांनी फार साधा प्रश्न विचारला, खरंच इतक्या जोरात गेले असतील तर त्यांनी वाटेत सांडलेलं कुठेय? अणुभट्टीच्या पाण्यात निळा उजेड दिसतो तो यामुळेच, पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरने चालतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्यापेक्षा जोरात पळतात, त्या पळण्याची किंमत म्हणून उजेड सांडतात, ते चेरेन्कोव्ह. तसंच न्यूट्रिनोंनी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या सांडायला हव्या होत्या आणि पोचेपर्यंत निम्मेशिम्मे दमलेले असायला हवे होते. पण ते पोचले ते ताजेतवाने. माग नाही म्हणजे पळालेच नाहीत. २०१२ मध्ये कळलं की एक फायबर ऑप्टिकची केबल नीट बसलेली नव्हती. इतक्या मोठ्या चोरीचा तपास आणि शेवटी सैल पिन, आमच्या घरच्या केबलवाल्यासारखं.

असो, तर रखमा अडकलेलीच होती. उजेड पुसता येत नाही, आडोसा पुरत नाही, सोंग टिकत नाही. मग एका रविवारी गणिताच्या कागदाकडे बघता बघता दिसलं की उजेड पुसता येत नसला तरी तो विरळ होतो. अंतर दुप्पट झालं की चौथाई. जकातवाले तीन तासांनी पाठलागाला निघाले तर त्यांना तीन प्रकाश-तासांवर उभं राहावं लागतं, पण सात दिवसांनी निघाले तर सात प्रकाश-दिवसांवर, म्हणजे ५६ पट लांब, म्हणजे तोच ठिपका ३१३६ पट मंद. साडेसत्तावीसचा छत्तीसच्या पुढे जातो, आणि तिथे आजची कुठलीच दुर्बीण पोचत नाही. म्हणजे रखमाला कुठलंही अदृश्य करणारं यंत्र नको होतं. तिला हवा होता नाक्यावरचा एक कारकून जो फाइल सात दिवस दाबून ठेवेल. साहेब दौऱ्यावर आहेत, सही राहिलीय, सोमवारी या. आख्ख्या आकाशगंगेतलं सगळ्यात स्वस्त लपण्याचं साधन आणि ते आपल्याला लहानपणापासून माहीत! मी अर्धी गोष्ट एका रात्रीत परत लिहून काढली, कारकुनाला पान खायची सवय दिली, रखमा त्याला दर फेरीला काजू आणून देते वगैरे.

भाच्याला व्हॉट्सॅपवर पाठवली. दोन दिवस उत्तर नाही, परीक्षा होती. मग एकच ओळ आली: "मामा, आरसा ५६ पट मोठा केला की ठिपका परत तेवढाच दिसतो."

हबलचा आरसा २.४ मीटरचा, गुणिले ५६, १३४ मीटर. केलं मी गणित, बरोबर आहे त्याचं. तर सध्या गोष्टीत असं आहे की जकात खात्याने १३४ मीटरच्या आरशाचं टेंडर काढलंय, तीनपैकी दोन बोली तांत्रिक कारणाने बाद झाल्यात, आणि तिसरी उघडायची तारीख त्याच कारकुनाच्या टेबलावर आहे.